न पाहिलेली पाठ : एका खासगी छायाचित्रणाचे प्रकरण

हे प्रकरण ज्यांचे आहे त्यांनी हा मजकूर दोनदा वाचला, त्यातला एक परिच्छेद काढून टाकायला सांगितला आणि मगच तो प्रसिद्ध करायला होकार दिला. त्यांचे नाव मी घेत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि त्यांचे एकही छायाचित्र सोबत दिलेले नाही.

मी पुण्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करते. लग्ने, मुंजी, डोहाळजेवणे यांवर घर चालते. त्याखेरीज वर्षाकाठी दहा-पंधरा स्त्रियांची कमी कपड्यांतली अशी छायाचित्रे काढते, जी फक्त त्यांच्यासाठी असतात आणि ज्यांना आमच्या व्यवसायात ‘बुद्वार’ म्हणतात. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये श्रीमंत घरातल्या बाईच्या स्वतःच्या खोलीला हा शब्द वापरत, आणि तो ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘रुसून बसणे’ असा आहे. रुसायला, दार लावून घ्यायला, कोणी हाक मारेपर्यंत एकटे बसायला मिळालेली ती जागा होती. आपल्याकडच्या वाड्यांत बायकांचे म्हणून माजघर असे, पण माजघरात सासू, जावा, नणंदा आणि मुले यांची सतत वर्दळ असल्यामुळे एकटेपण कधीच नसे; आणि रुसायला स्वतंत्र कोपभवन मिळाले ते कैकेयीसारख्या राणीला. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींनी चाळिशी गाठेपर्यंत स्वतःचे शरीर घाई न करता, भरपूर उजेडात, कडी लावलेल्या खोलीत पाहिलेलेच नसते. या कामाचे खरे प्रयोजन मला तिथे दिसते. रेशमी चादर, गुलाबाच्या पाकळ्या आणि आयात केलेली अंतर्वस्त्रे या सामानाने ते प्रयोजन पुरे होत नाही.

त्यांचा पहिला फोन पावसाळ्याच्या अखेरीस आला. वय ४१, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी, एक मुलगी कॉलेजात. अर्धा तास बोलून झाल्यावर त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. वयाच्या २६ व्या वर्षी, मुलीच्या जन्मानंतर काही महिन्यांत, त्यांच्या कोपरावर पांढरा ठिपका आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तो दोन्ही हात, खांदे, पाठ आणि ओठाच्या एका कोपऱ्यापर्यंत पसरला. त्यांना कोड होते.

कोड म्हणजे काय हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण गैरसमज अजून गेलेला नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते, त्या पेशी नष्ट होतात आणि तेवढ्या भागात त्वचा पांढरी पडते. ते स्पर्शाने पसरत नाही. जगाच्या लोकसंख्येत साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना ते असते. जुन्या बोलण्यात त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले गेल्यामुळे महारोगाशी त्याची सांगड घातली गेली, आणि मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड येते या समजुतीने तर कितीएक घरांतली ताटे बदलली. या बाईंनी नऊ वर्षे दही, चिंच आणि लिंबू वर्ज्य केले होते. हळदीकुंकवाला त्यांना बोलावत, पण वाण त्यांच्या हातून जाऊ नये म्हणून ते वाटायचे काम कोणीतरी हळूच दुसरीकडे सोपवत असे. तोंडावर कोणी काही बोलले नाही. लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे ब्लाऊज शिवायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली होती.

भेटायला आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, फोटोत हे डाग घालवता येतात ना?” आणि निघताना, चपला घालता घालता, “तुम्ही घालवणार नाही ना?” पहिल्या प्रश्नाला मी हो म्हटले होते, दुसऱ्यालाही हो म्हटले, आणि त्या गेल्यावर लक्षात आले की दोन्ही उत्तरांतून मी काहीच सांगितलेले नाही.

अशा कामात पहिल्या भेटीत मी तीन गोष्टी विचारते. हे फोटो कोणासाठी, सध्या काही उपचार चालू आहेत का, आणि फोटो काढल्याने काय बदलेल अशी अपेक्षा आहे. नवरा परत बोलायला लागेल, सोडून गेलेला माणूस पस्तावेल, अशा उत्तरांवर मी काम घेत नाही. त्या ओझ्याखाली कुठलाही फोटो टिकत नाही आणि मग दोष त्या बाई स्वतःच्या शरीराला देतात. यांचे उत्तर वेगळे होते. “माझ्यासाठी. यांना दाखवीन की नाही ते मग बघू.” नवऱ्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. ते भले गृहस्थ होते, कशाला लपवतेस म्हणत. पण पंधरा वर्षांत दिवा मालवल्याशिवाय त्यांनी नवऱ्यासमोर ब्लाऊज काढलेला नव्हता, आणि ही सवय नवऱ्याने लावलेली नव्हती.

सोबत त्यांनी मोबाइलमध्ये विनी हार्लोचा एक फोटो आणला होता. कॅनडाच्या या मॉडेलला लहानपणापासून कोड आहे आणि २०१८ साली एका जगप्रसिद्ध अंतर्वस्त्रांच्या फॅशन शोमध्ये चालणारी ती कोड असलेली पहिली मॉडेल ठरली. मला वाटले, असेच फोटो हवेत म्हणून आणला असेल. त्या म्हणाल्या, “ही बघितली की बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं. तिला काय, ती ती आहे. मला उद्या सकाळी काउंटरवर बसायचंय.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, कारण एरवी आम्ही छायाचित्रकार प्रेरणेची चित्रे दाखवून बाईला उभारी द्यायला जातो आणि त्यातून तिच्यावर आणखी एक बरोबरी लादतो.

पूर्ण सत्राची तारीख मी त्या दिवशी दिली नाही. त्याऐवजी फक्त हातांचे फोटो काढू, असे सुचवले. टेबलावर ठेवलेले दोन हात, खिडकीचा उजेड, दहा मिनिटांचे काम. त्या एकाच फोटोचे मी तीन छोटे कृष्णधवल छाप केले: एकात डाग जवळजवळ मिटलेले, एकात डोळ्यांना दिसतात तितके, एकात अधिक ठळक.

हे कसे घडते ते सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणाचा गाभा त्याच्याशी जोडलेला आहे. त्वचेतले मेलॅनिन निळा आणि अतिनील प्रकाश जास्त शोषते, तांबडा त्यामानाने कमी. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ साध्या उजेडात न दिसणारे कोड वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात पाहतात. रंगीत फाइलचे कृष्णधवल रूपांतर करताना तांबड्या रंगाचे वजन वाढवले तर सावळी त्वचा उजळते आणि पांढरे डाग तिच्यात विरू लागतात. निळ्याचे वाढवले तर सावळी त्वचा गडद होते आणि डाग नकाशावरच्या बेटांसारखे उठून येतात. यात काहीही पुसलेले किंवा रंगवलेले नसते. फोटो तोच, हात तेच, आणि तीनही छाप एकाच उजेडाचे वाचन असते. ‘खरा’ फोटो कोणता हा प्रश्न त्यामुळे जरा अवघड होतो, आणि तो अवघड व्हावा हीच माझी इच्छा होती.

तीनही छाप त्या घरी घेऊन गेल्या. आठवड्याने फोन आला तेव्हा त्यांनी एकही निवडला नव्हता. त्या म्हणाल्या, “ताई, हात तर मी रोज बघते. माझी पाठ कशी दिसते?” ‘मॅडम’चे ‘ताई’ कधी झाले ते दोघींच्याही लक्षात आले नाही.

पाठ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाठीवर कोड आहे हे त्यांना आईने सांगितले, मग डॉक्टरांनी सांगितले, मग प्रवासात मागे बसलेल्या एका अनोळखी बाईने सांगितले. स्वतःच्या शरीराचा सगळ्यात मोठा अखंड भाग त्यांना फक्त इतरांच्या तोंडून ठाऊक होता. दोन आरसे धरून पाहता आले असते, पण पाहिले नव्हते. सत्राचा हेतू त्या दिवशी ठरला आणि तो त्यांनी ठरवला.

नोव्हेंबरातली एक सकाळ ठरली. त्याआधी आम्ही करारपत्र वाचले, आणि ‘वाचले’ म्हणजे दोघींनी शेजारी बसून मोठ्याने वाचले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर त्या फोटोची पहिली मालकी पैसे देणाऱ्याकडे असते. हे फार थोड्या ग्राहकांना माहीत असते, आणि अनेक छापील करारपत्रांतल्या बारीक अक्षरांत नेमकी ही मालकी छायाचित्रकाराकडे वळवलेली असते. माझ्या करारात ती वळवलेली नाही. दुसरे कलम संमतीचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये, जे पूर्वी दंडसंहितेत ३५४ क होते, स्पष्ट म्हटले आहे की स्त्रीने असा फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नाही, आणि तरी तो पसरवला, तर तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई देखील याच स्वरूपाच्या खासगीपणाच्या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. काढायची संमती वेगळी आणि दाखवायची वेगळी, हे कायद्याने मान्य केलेले आहे. माझ्या व्यवसायातल्या पुष्कळांनी अजून केलेले नाही. नमुन्यादाखल फोटो वापरायची परवानगी दिली तर शुल्कात सूट, अशी पद्धत सर्रास आहे. मी ती पाळत नाही. सुटीच्या बदल्यात मिळालेली परवानगी मोकळेपणाने दिलेली आहे की नाही, हे कळायला मला कोणताच मार्ग नसतो.

करारात त्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवल्या. चेहरा आणि पाठ एकाच फोटोत येऊ नये. आणि सत्र कोणत्याही क्षणी थांबले तर तोवरचे सगळे फोटो त्याच वेळी, त्यांच्यासमोर पुसले जावेत.

त्यांच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. कोड असलेल्या माणसाच्या त्वचेवर सतत घर्षण झाले, खरचटले किंवा ओरखडा उठला तर त्याच जागी नवा डाग उमटू शकतो. वैद्यकात याला कोबनर परिणाम म्हणतात. बुद्वार छायाचित्रणात घट्ट इलॅस्टिकची अंतर्वस्त्रे आणि कपडा जागच्या जागी राहावा म्हणून लावलेली चिकटपट्टी हे नेहमीचे सामान असते. ते दोन्ही आम्ही बाद केले. शिवाय पांढऱ्या पडलेल्या त्वचेला उन्हापासून संरक्षण नसते, ती लवकर भाजते, म्हणून थेट ऊनही नको होते.

कपडे त्यांचेच. एक बिनबाह्यांचा सुती झंपर, जो शिवून घेतला होता पण कधी घातला नव्हता, आणि आईची चंद्रकळा. संक्रांतीला त्यांच्या घरी नेसत ती काळी साडी. ती त्यांना ब्लाऊज न घालता नेसायची होती, आजी नेसायची तशी. हे ऐकून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद अशासाठी की ‘कमी कपडे’ या कल्पनेला परक्या खोलीतून त्यांनी परस्पर आपल्या घरी आणले होते. काळजी तांत्रिक होती. काळे कापड शेजारचा प्रकाश गिळते, त्यामुळे त्वचेवरच्या सावल्या आणखी गडद होतात. उलट रंगहीन त्वचा इतका प्रकाश परत फेकते की तिच्यातला पोत हरवून ती कोऱ्या कागदासारखी दिसू लागते. त्यांच्या सावळ्या त्वचेत आणि डागांत माझ्या मोजणीनुसार सव्वा ते दीड स्टॉपचा फरक होता (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). सावळ्या त्वचेसाठी प्रकाशाची मोजणी केली की फोटोत डाग कोरे पांढरे पडत, डागांसाठी केली की चेहरा अंधारात जाई. यावर उपाय म्हणजे प्रकाश मोठा आणि मऊ करणे. उत्तरेच्या खिडकीला पांढऱ्या मलमलीचे दोन पदर लावले, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा सहा फुटी तक्ता उभा केला, आणि डागांतला पोत शाबूत राहील अशी मोजणी धरून बाकीचे नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ फाइलमधून, उजळून घेतले. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हा नियम पुण्यात वर्षभर खरा नसतो. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. नोव्हेंबरात ती अडचण नव्हती.

१८९२ साली छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो केनी-लेविक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला होता. फोटो काढणारी बाईच असावी, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. तेवढे पुरेसे नाही असे मात्र माझे मत आहे. बाईची नजरही बोचू शकते, हळदीकुंकवाला वाण वाटणे काढून घेणाऱ्या बायकाच होत्या. म्हणून माझ्या खोलीत काही नियम आहेत. कडी आतून असते आणि ती ग्राहक स्वतः लावते. दोघींचे मोबाइल, माझादेखील, बाहेर पेटीत राहतात. मी अंगाला हात लावत नाही. चुणी सरळ करायची असेल तर माझ्या ओढणीवर करून दाखवते. फोटो ज्या संगणकावर उतरतात त्याला इंटरनेट नाही. त्यांच्यासोबत त्यांची धाकटी जाऊ आली होती; ती बाहेरच्या खोलीत बसली आणि मध्ये दोनदा चहा घेऊन आली.

सत्र अडीच तास चालले. पहिली चाळीस मिनिटे झंपरावर गेली आणि त्यातले काही उपयोगी पडले नाही, कारण त्या फोटोसाठी उभ्या राहत होत्या. “खांदे सैल सोडा” म्हटले की खांदे आणखी ताठ होतात, हे प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक आहे. मी आकार सांगायचे थांबवून कामे सांगायला लागले. केस सोडा. तेल लावल्यासारखे बोटे फिरवा. अंबाडा घाला. अंबाडा घालताना दोन्ही हात वर गेले, कोपरे खिडकीकडे वळली, आणि पंधरा वर्षे बाह्यांत राहिलेले हात प्रथमच पूर्ण उजेडात आले. त्या अंबाड्यात गुंतल्या होत्या. मी आठ फोटो घेतले आणि काही बोलले नाही.

मग चंद्रकळा. पाठमोऱ्या बसल्यावर त्यांनी पदर खांद्यावरून खाली घेतला आणि बराच वेळ शांतता होती. मी कॅमेरा खाली ठेवून विचारले, थांबायचे का. “नाही. आधी तुम्ही काय दिसतंय ते सांगा.” हा क्षण मला फार कठीण गेला. ‘सुंदर’ हा शब्द तोंडात आला होता, पण तो त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. मी जे दिसत होते ते सांगितले. मानेखाली एक मोठा डाग आहे, पसरट, खालच्या बाजूला कडा दातेरी. उजव्या खांद्यावर तीन आहेत, त्यातले दोन एकमेकांना टेकलेले. कण्याच्या डाव्या बाजूला बरेच छोटे, तांदूळ सांडल्यासारखे. कमरेजवळ काही नाही. “कमरेला नाहीत?” त्यांनी विचारले. पंधरा वर्षे त्यांना वाटत होते की सगळी पाठ पांढरी पडली आहे.

त्या बैठकीत ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर सत्तरएक फोटो झाले. पाठीचा फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी दाखवला नाही. तो त्यांनी पहिल्यांदा पाहावा तर मोठा पाहावा, असे आमचे आधी ठरले होते.

आता माझ्या चुकीकडे येते. दोन आठवड्यांनी त्या निवडीसाठी आल्या. २१४ पैकी ३८ फोटो मी काढून ठेवले होते. तिसराच फोटो चेहऱ्याचा होता, आणि त्या तिथे थांबल्या. त्यांचे बोट ओठाच्या कोपऱ्यावर गेले. “हा डाग कुठाय?” मी पाहिले, डाग जवळजवळ नव्हता. आदल्या आठवड्यात एका लग्नाचे काम करताना त्वचा गुळगुळीत करणारी आपोआप चालणारी मांडणी मी संगणकात चालू ठेवली होती आणि त्यांचे फोटो उतरवताना ती बंद केली नव्हती. अशा प्रणालीला त्वचेवरचा रंगबदल हा दोष वाटतो, मग तो पुरळ असो, तीळ असो की कोड. लहान डाग तिने भरून टाकले होते, मोठे सोडले होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हालाही तो नको होता का?”

मी खरे काय ते सांगितले, माफी मागितली आणि मूळ फाइल उघडून दाखवली. त्यांनी समजून घेतले, पण त्या दिवशी पुढे काही पाहिले नाही आणि परतीची एसटी लवकरची पकडली. मोठ्या पडद्यावर पाठ पाहायला आलेल्या बाई ती न पाहताच गेल्या, हे माझ्या निष्काळजीपणाने झाले. चूक यंत्राची म्हणून सोडून देता आली असती. पण त्यांच्यासाठी गाळलेला तो डाग आणि काढून घेतलेले वाण यांत फरक नव्हता, कारण दोन्ही ठिकाणी काही न बोलता, भल्याच्या हेतूने, त्यांना बाजूला केले गेले होते. त्यानंतर या कामासाठी मी संगणकात वेगळा कॅटलॉग, म्हणजे फोटोंचा स्वतंत्र संग्रह, ठेवते, त्यात आपोआप चालणारे काहीही नसते, आणि निवडीपूर्वी प्रत्येक फोटो मूळ फाइलशेजारी ठेवून तपासते.

तीन आठवडे काही निरोप नव्हता. मीही फोन केला नाही. मग एका शनिवारी त्या आल्या, या वेळी एकट्या.

या खेपेला मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले आणि माऊस त्यांच्या हाती दिला. निळ्या आणि तांबड्या रंगांच्या वजनाच्या सरकपट्ट्या दाखवल्या, कोणती कुठे नेली की काय होते ते सांगितले, आणि मी मागे स्टुलावर बसले. पहिला तास त्यांनी चेहऱ्याच्याच फोटोंवर घालवला. ओठाचा डाग त्यांना सारखा ‘चुकीच्या बाजूला’ वाटत होता. हे स्वाभाविक आहे: आपण स्वतःला आरशात उलटे पाहतो, फोटोत सुलटे. १९७७ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना त्यांचे दोन्ही प्रकारचे फोटो दाखवले तेव्हा त्यांना स्वतःला आरशातली प्रतिमा अधिक आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलटी, कारण ज्याला जी रोज दिसते ती त्याला आपली वाटते. डाग एकाच बाजूला असेल तर हा फरक अधिकच खुपतो. मी एक प्रत उलटी करून दिली. दोन्ही शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, “म्हणजे बँकेतले सगळे मला अशी बघतात,” आणि सुलटी ठेवून घेतली. त्या फोटोत तांबड्याची पट्टी त्यांनी थोडी वर नेली. डाग मऊ झाला, गेला नाही.

पाठीच्या फोटोपाशी आल्यावर तो पडदाभर मोठा केला आणि खुर्ची मागे घेतली. किती वेळ ते मी मोजले नाही. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तिचे इंजिन बंद झाले, पुन्हा सुरू झाले. त्यांनी मान, खांदा, कणा अशी एकेक जागा जवळ आणून पाहिली, मी सत्रात सांगितले होते त्याच क्रमाने, जणू माझे वर्णन तपासत असाव्यात. मग निळ्याची पट्टी शेवटपर्यंत ढकलली. साडी आणि त्वचा दोन्ही गडद झाली आणि डाग पूर्ण तेजाने वर आले. “हे तांदळाचं बरोबर सांगितलंत,” त्या म्हणाल्या.

त्यांनी १४ फोटो निवडले. प्रत्येकात पट्टीची जागा वेगळी होती: हातांच्या फोटोत मध्यावर, अंबाड्याच्या फोटोत रंगीतच, पाठीच्या फोटोत टोकाला. अनुभवाने मी म्हणू शकते की माझ्या निवडीत हे सगळे एकसारखे झाले असते, कारण मला संचात मेळ हवा असतो. त्यांना तो नको होता. एकाच शरीरातले काही त्यांना आज दाखवायचे होते, काही नुसते जवळ ठेवायचे होते आणि काहीकडे टक लावून पाहायचे होते.

परिणामांविषयी मी फार दावा करणार नाही. बँकेत त्या अजून लांब बाह्या घालतात. तो त्यांचा निर्णय आहे आणि तो बदलावा असे मी सुचवलेले नाही. पर्समध्ये ओठावर लावायचे प्रसाधन असते. घरात मात्र उन्हाळ्यात झंपर घालू लागल्या, असे जाऊबाईंनी फोनवर सांगितले, आणि लेकीने एकदा दुपारी पाठीला औषध लावून दिले तेव्हा पडदा ओढला नाही. नवऱ्याला फोटो दाखवले की नाही ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दही पुन्हा खातात, पण त्याचे श्रेय फोटोंना नाही. ते डॉक्टरांनी दोन वर्षे समजावल्याचे आहे.

करारानुसार ९० व्या दिवशी फाइली पुसायच्या होत्या. बहुतेक जणी तेवढ्यासाठी येत नाहीत, फोनवर खात्री करून घेतात. त्या आल्या. मूळ फाइली, निवडीचा संच, दुसऱ्या डिस्कवरची प्रत, सगळे त्यांच्यासमोर पुसले. त्यांचा पेन ड्राइव्ह त्यांनी आधी माझ्या संगणकावर उघडून तपासून घेतला होता. निघण्यापूर्वी त्यांनी त्यातलाच पाठीचा फोटो बारा बाय अठरा इंचात छापून मागितला. मी चौकटीचे नमुने काढले. त्या म्हणाल्या, चौकट नको, तिने दार बसणार नाही.

कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, साड्यांच्या समोर तो लावायचा होता. दाराची रुंदी त्या सुतळीने मोजून घेऊन आल्या होत्या.